वाजणारा आहेर

चहा घ्या आधी. विषय लांबणार आहे आणि गार चहावर तो पेलणार नाही.

घरात एक ते चार वर्षांचं मूल असलेल्या कुठल्याही आईबापाला विचारा, तुमच्याकडचं ते वाजणारं खेळणं कोणी आणलं? उत्तर ठरलेलं आहे. मामानं आणलं, आत्यानं आणलं, ऑफिसातल्या कुणीतरी पाठवलं, शेजारच्या विंगेतल्या काकू 'काही नाही हो, सहज' म्हणत ठेवून गेल्या. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या खुशीनं, स्वतःच्या घरात सेलवर गाणारा प्राणी आणलेला पालक मला अजून भेटायचा आहे. तरी दुकानांत जाऊन बघा, भिंतीच्या भिंती या प्राण्यांनी भरलेल्या असतात आणि त्या रिकाम्याही होतात. म्हणजे विकत घेणारा एक आणि सोसणारा दुसरा, असा हा सगळा व्यवहार आहे. सोसणाऱ्याची संमती त्यात कोणत्याही टप्प्यावर घेतली जात नाही. मला आज तेवढ्याबद्दलच बोलायचं आहे.

बारशाला असं होत नाही, हे आधी मान्य करू. बारशाला कुंची येते, दुपटं येतं, चांदीचे वाळे येतात. उष्टावणाला मामा चांदीची वाटी आणतो आणि खिरीचं पहिलं बोट चाटवतो. जावळाला मामाची मांडी लागते. बोरन्हाणाला चुरमुरे, बोरं, उसाचे करवे आणि हलव्याचे दागिने. मुलाच्या पहिल्या वर्षातल्या प्रत्येक टप्प्याला काय आणायचं हे आपल्याकडे ठरलेलं आहे आणि त्यावर आधीच्या पिढ्यांनी पुरेसा विचार केलेला दिसतो, कारण त्यातली एकही वस्तू रात्री अडीच वाजता आपणहून बोलत नाही. वाळ्यांतले घुंगरू वाजतात, पण ते मूल हललं की वाजतात आणि मूल झोपलं की थांबतात.

पहिला वाढदिवस मागाहून आला. त्याला विधी नाही, आहेराची यादी नाही. आहे तो केक, फुगे आणि सोसायटीचा हॉल. जिथे रीत नसते तिथे जो तो आपल्या मनाला येईल तसं वागतो. आमच्या कन्येच्या पहिल्या वाढदिवसाच्या निमंत्रणात आम्ही ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.' लोकांनी त्याचा अर्थ 'पाकीट आणू नये' असा घेतला आणि वस्तू आणल्या.

रात्री घरी येऊन खोकी फोडली. दोन वर्षांनी अंगाला येतील असे फ्रॉक, एकाच कंपनीचे ठोकळे तिघांकडून, भिंतीवर जिला जागा नाही अशी फोटोफ्रेम. इथवर कुणाबद्दलच तक्रार नाही. शेवटचं खोकं पुण्याच्या मेहुण्यांचं होतं. त्यावरची चिकटपट्टी मी काढत होतो, तेवढ्यात आतून 'हॅलो फ्रेंड' असा आवाज आला. सेल कंपनीनंच घालून दिले होते. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला वाजवून पाहता यावं म्हणून अशी सोय ठेवलेली असते, ही माहिती मला नंतर मिळाली.

खोक्यात हत्ती होता. त्याचं वर्णन नोंदीसाठी देतो. उंची दीड वीत. रंग निळा, कान जांभळे. पोटावर पाच बटणं आणि सोंडेच्या टोकाला सहावं. पहिलं दाबलं की तो इंग्रजीत एक ते दहा म्हणतो, सातावर किंचित अडखळून. दुसऱ्यावर प्राण्यांचे आवाज आहेत. त्यांत गाय आणि सिंह यांच्यात फारसा फरक केलेला नाही आणि हत्तीचा आवाज नाहीच. तिसरं, चौथं आणि पाचवं ही गाणी. सोंडेचं बटण दाबलं की डोळे लाल होतात, कान फडफडतात आणि हत्ती पायाखालच्या चाकांवर चालू लागतो. भिंतीला धडकला की वळतो आणि पुन्हा निघतो. कोणी हात लावला नाही तर थोड्या थोड्या वेळानं 'या, खेळू या' अशा अर्थाचं काहीतरी स्वतःहून म्हणतो. पायाखाली एक सरकतं बटण आहे. त्याला तीन खुणा: बंद, लहान आवाज, मोठा आवाज. लहान आणि मोठा यांतला फरक मी, बायको आणि सासूबाई अशा तिघांनी वेगवेगळ्या खोल्यांत उभं राहून ऐकायचा प्रयत्न केला. कोणालाही तो ऐकू आला नाही.

बंद करता येतो ना, मग करा की बंद, असं तुम्ही म्हणणार नाही. तुम्हाला मूल आहे. बंद केला की कन्या तो उचलून आणते, आपल्या मांडीवर ठेवते आणि आपल्याकडे बघत उभी राहते. पुढे काय होतं, ते ज्यानं त्यानं आपल्या घरी पाहिलेलं आहे.

मेहुण्यांची बाजू ऐकून घेतलीच पाहिजे, म्हणून मी दुसऱ्या दिवशी फोन केला. आभार मानले आणि अशी वस्तू निवडण्यामागचं कारण विचारलं. ते म्हणाले, "दाजी, नुसतं खेळणं नाही हो ते. एज्युकेशनल आहे. त्याच्यामागे धावता धावता लवकर चालायला लागेल बघा."

आता चालण्याचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या मुलांचा पाठपुरावा करून 2006 साली एक तक्ता प्रसिद्ध केलेला आहे. निरोगी मूल आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ त्यात 8.2 ते 17.6 महिने असा दिला आहे. नऊ महिन्यांहून जास्त मोकळीक आहे ही. वयाच्या बाबतीत सरकारदरबारी इतकी मोकळीक माणसाला पुढे कधीही मिळत नाही. शाळाप्रवेशाला तर 31 डिसेंबर ही तारीख एका दिवसानंही हलत नाही. तेव्हा एक वर्षाच्या मुलीला चालवण्यासाठी हत्ती नेमण्याची निकड नव्हती. ती चालली तीही हत्तीच्या मागे नाही. हत्ती दिवाणखान्यात सोफ्याच्या पायाला धडका देत होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून मोरीकडे निघाली, कारण मोरीत बादली भरत होती. चार पावलं टाकली, दाराची चौकट धरली आणि पाण्यात हात घातला. मी समोर होतो, मी पाहिलं. ही बातमी सांगलीला सासरी कळवली, तेव्हा पलीकडून पहिलं वाक्य आलं, "बघा, हत्तीचा उपयोग झाला." श्रेय तिथे जमा झालं ते झालं. ती नोंद दुरुस्त करून घ्यायचा मी दिवाळीतही प्रयत्न केला. फराळ मिळाला, दुरुस्ती मिळाली नाही.

सेलचा विषय स्वतंत्र घ्यावा लागेल.

हत्तीच्या पोटाखाली झाकण आहे आणि झाकणाला स्क्रू आहे. तो का आहे ते मी समजून घेतलं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट मी त्या नियमाच्या बाजूनं आहे. लहान मुलांच्या हाती सेल लागू नयेत, त्यातही नाण्यासारखे दिसणारे बटण सेल तर अजिबात लागू नयेत. तसा सेल गिळला आणि घशाखाली अडकला, तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. म्हणून लहानांच्या खेळण्यांचं झाकण हत्याराशिवाय उघडता कामा नये, हे योग्यच आहे. प्रश्न हत्याराचा आहे. मराठी घरात स्क्रूसाठी जे हत्यार असतं त्याला टेस्टर म्हणतात. तो फ्यूज बघायला वापरतात, डबा उघडायला वापरतात, खिळ्याचं भोक मोठं करायला वापरतात. टेस्टरचं टोक चपटं असतं. हत्तीचा स्क्रू फुलीचा आहे आणि तोही इतका बारीक, की घड्याळजीच्या पेटीत शोभावा. कंपनीनं खोक्यात चार भाषांतलं माहितीपत्रक घातलं, मुलाच्या मेंदूच्या विकासावर एक परिच्छेद घातला, हत्तीच्या इतर भावंडांची रंगीत चित्रं घातली. स्क्रू-ड्रायव्हर घातला नाही.

तेव्हा मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "खेळण्याचा ना?" म्हणाला आणि काउंटरखालून बारीक टोकांचा संच काढला. तो संच काउंटरखाली, हाताला लागेल असा ठेवलेला होता, याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेल. या शहरात आपण एकटे नाही.

झाकण उघडल्यावर आत तीन पेन्सिल सेल, तेही बारीक. घरात रिमोटचे जाडे असतात. भिंतीवरच्या घड्याळाला एक लागतो, तोही जाडा. बारीक सेल आमच्या घरात हत्तीखेरीज कोणालाही लागत नाहीत, त्यामुळे ते केवळ त्याच्यासाठी वाणसामानाच्या यादीत चढले. तूरडाळीखाली, शेंगदाण्याच्या वर. सेल उतरत आले की तो बंद पडेल अशी तुमची समजूत असेल तर ती काढून टाका. सेल उतरले की हत्तीचा आवाज खाली जातो. गाणं तेच, शब्द तेच, पण घोगरे आणि ओढलेले, आणि 'हॅलो फ्रेंड' मधला 'फ्रेंड' संपता संपत नाही. या अवस्थेत तो पूर्ण चार्ज असतानापेक्षा जास्त दिवस टिकतो आणि याच अवस्थेत मध्यरात्री बोलतो. तापात फणफणलेल्या मुलीला तासाभराच्या येरझारांनंतर खांद्यावर झोप लागलेली असावी, आपण तिला अंथरुणावर टेकवत असावं, पाठीखालचा हात बोटाबोटानं सोडवून घेत असावा आणि त्या क्षणी कपाटाखालून कोणीतरी जड आवाजात इंग्रजीतून मैत्रीचा हात पुढे करावा. यावर कोणत्या खात्याकडे दाद मागायची, मला सांगा.

खातं मी शोधलं. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 हे मी सबंध वाचले. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, रात्र म्हणजे दहा ते सहा. सणासुदीला राज्य सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षाकाठी जास्तीत जास्त 15 दिवस. म्हणजे आपल्या चौकातल्या गणेशोत्सव मंडळाला, ज्याची वर्गणी आपण भरतो, ज्याच्या आरतीला आपण उभे राहतो, त्याला पंधरा दिवसांची मर्यादा आहे आणि निळ्या हत्तीला वर्षाचे 365 दिवस मोकळे आहेत. 2010 साली या नियमांत दुरुस्ती झाली. निवासी भागात रात्री हॉर्न नको, आवाजाचे फटाके नकोत, बांधकामाची यंत्रं नकोत, असं त्यात नाव घेऊन म्हटलं. हत्तीचं नाव घेतलेलं नाही.

मात्र एक कलम हाती लागलं. खासगी मालकीच्या आवाज करणाऱ्या साधनाचा आवाज त्या खासगी जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक जास्त असू नये, असं त्यात आहे. मी हे कलम खालच्या मजल्यावरच्या काकांना वाचून दाखवलं, कारण आमची हद्द म्हणजे आमची फरशी आणि फरशीखाली त्यांचं छत. काका निवृत्त आहेत, दुपारी दोन ते चार वामकुक्षी घेतात आणि आमचा हत्ती नेमका त्या सुमारास भ्रमंतीला निघतो. त्यांनी मोबाईलवर आवाज मोजण्याचं ॲप घेतलं होतं. आकडा सत्तरच्या वर गेलेला त्यांनी मला दाखवला. मर्यादेपेक्षा 10 डेसिबलनं जास्त असेल तर नागरिकाला रीतसर तक्रार करता येते, तेव्हा काकांचा अधिकार निर्विवाद होता. मी त्यांना म्हटलं, कराच तुम्ही तक्रार. माझी पूर्ण साथ आहे, अर्जाचा मसुदा मी लिहून देतो. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अहो, पण ती तुमच्याविरुद्ध होईल."

इथे कायद्याची मोठी उणीव आहे आणि ती मी गंभीरपणे मांडतो. नियम लिहिणाऱ्यानं हद्दीबाहेरच्या माणसाचा विचार केला. हद्दीच्या आत, आवाजापासून दोन फुटांवर, पोळीचा तुकडा वरणात बुडवून 'एक घास काऊचा' म्हणत बसलेल्या माणसाचा विचार केला नाही. ज्यानं आणला तो पुण्यात शांत झोपतो. ज्याला त्रास होतो तोच कागदोपत्री आरोपी ठरतो.

मोडून जाईल, अशी आशा सासूबाईंनीही एकदा बोलून दाखवली. तीही धरू नका. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, 2020 प्रमाणे 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्या चाचण्यांत टोकदार कडा बघतात, रंगातलं शिसं बघतात, सुटे होणारे बारीक भाग बघतात, वरून खाली टाकूनही बघतात. हे सगळं मुलांच्या भल्याचं आहे आणि झालंच पाहिजे. त्याआधी काय काय वस्तू मुलांच्या तोंडात जात होत्या ते आठवलं की अंगावर काटा येतो. आमच्या हत्तीवर चिन्ह आहे. कन्येनं त्याला गॅलरीच्या पायरीवरून, खाटेवरून आणि तिच्या खुर्चीवरून टाकून सर्व चाचण्या घरीही घेतल्या. तो प्रत्येक वेळी आडवा पडून एक ते दहा म्हणाला.

टाकून द्यावा, तर मेहुणे दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात आणि पहिल्या मिनिटात विचारतात, "हत्ती कुठाय आमचा?" ही पाहणी चुकत नाही. मग कन्या पळत जाऊन तो आणते, सोंड दाबते आणि पुढचा सगळा कॉल गाण्यात जातो. पलीकडून सासरे 'ऐकू येत नाही' म्हणतात, अलीकडून आम्ही 'तुमचा आवाज तुटतोय' म्हणतो आणि मेहुणे समाधानानं हसत असतात. माळ्यावर टाकला तर खाली आणावा लागतो. कोणाला द्यावा, तर त्या घरातही आईबाप आहेत. माझ्या शत्रूच्या घरी तान्हं मूल नाही आणि मित्रांच्या घरी आहे, त्यामुळे तोही मार्ग खुंटला.

आता ज्यासाठी तुम्हाला बसवून घेतलं तो मुद्दा.

दीड वर्षाच्या डोसासाठी कन्येला घेऊन गेलो. बालरोगतज्ज्ञ बाईंनी वजन घेतलं, उंची घेतली, डोक्याचा घेर मोजला, सुई टोचून झाली आणि मग पेन हातात धरून विचारलं, "किती शब्द बोलते?" बायकोनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. मम्म. भूर. काऊ. आई. 'नाना' म्हणजे नको. मग ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हॅलो फ्रेंड धरायचं का?" बाईंनी विचारलं, ते कुठून शिकली? सांगितलं. बाईंनी नोंद केली की नाही ते मला दिसलं नाही. मला उद्देशून ती काय म्हणते, हेही त्यांनी विचारलं. आता हे मी शांतपणे सांगतो. मला उद्देशून कन्येनं उच्चारलेला पहिला शब्द 'शेल' हा होता. संध्याकाळी मी दारात चपला काढत होतो, ती हत्तीला कानानं ओढत आली, तो माझ्या पायाशी उलटा ठेवला, पोटाखालच्या स्क्रूवर बोट ठेवलं आणि स्वच्छ म्हणाली, "शेल." 'बाबा' नंतर आलं. पुष्कळ नंतर आलं. त्या अवधीत या घरात माझी ओळख एका पुरवठादाराची होती आणि हा मान मी कोणाच्या वाढदिवसाच्या आहेरापायी गमावला, हे मी विसरणार नाही.

हे केवळ माझं गाऱ्हाणं आहे असं कोणी म्हणू नये म्हणून पुरावा देतो. अमेरिकेतल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातल्या ॲना सोसा यांनी 10 ते 16 महिन्यांची मुलं आणि त्यांचे पालक अशा 26 जोड्यांना त्यांच्याच घरी तीन प्रकारच्या वस्तू देऊन पाहिलं: सेलवर वाजणारी खेळणी, ठोकळे आणि लाकडी कोड्यांसारखी साधी खेळणी, आणि चित्रांची पुस्तकं. घरातलं बोलणं यंत्रावर टिपलं. 2016 साली 'जामा पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. वाजणारं खेळणं मध्ये असलं की आईबाप कमी बोलतात, मुलाला प्रतिसाद कमी देतात आणि दोघांची देवाणघेवाणही घटते. पुस्तक हातात असताना सगळ्यांत जास्त बोलणं होतं. आपल्या घरी बसून बघा, कारण लगेच कळतं. हत्ती बोलत असताना मध्ये बोलायला जागाच नसते. तो स्वतः प्रश्न विचारतो, स्वतः उत्तर देतो आणि स्वतःला शाबासकी देतो. मुलीनं काय करायचं, तर बटण दाबायचं. बापानं काय करायचं, तर सेल आणायचे.

याउलट सावंतवाडीच्या चितारआळीतली ती लाकडी फळं घ्या. रंगवलेलं केळं, वांगं, सीताफळ, टोपलीतून येतात. आमच्या एका मावशींनी ती टोपली बारशालाच दिली होती आणि त्या बाईंचे उपकार मी जन्मभर मानीन. त्या वांग्याला आवाज नाही. ते काय म्हणतं ते मुलीलाच ठरवावं लागतं आणि ती ते ठरवते. परवा वांगं केळ्यावर रागावलं होतं. ते दोघं दुधाच्या कपावरून भांडले, वांगं रुसून उशीखाली गेलं आणि केळं त्याला आणायला गेलं. हे सगळं तिनं तिच्या शब्दांत, निम्मे शब्द नसतानाही, पार पाडलं. तुळशीबागेतली भातुकली घ्या. बोटभर पातेल्यात काही नसतं, म्हणून तर त्यात पोहे, आमटी, चहा काहीही होतं आणि तो चहा मला फुंकर मारून प्यावा लागतो. आमच्या आजीच्या वेळची ठकी तर एकाच लाकडातून कोरलेली असायची, तिला ना हात हलवता येत, ना डोळे मिटता येत. तरी तिची लग्नं लागली, तिला ताप आले आणि काढे पाजले गेले. खुळखुळासुद्धा मुलाच्या मनगटावर चालतो. जत्रेतली पिपाणी कर्कश असते हे मला मान्य आहे, पण ती आपण स्वतः, डोळ्यांदेखत, पोराच्या हट्टापुढे संमती देऊन घेतो. आणि तिला फुंकणाऱ्याला कधीतरी दम लागतो. त्या सगळ्या खेळण्यांत आवाज मुलाचा होता. हत्तीनं तो काढून घेतला आणि जाहिरातीत त्याला शिक्षण म्हटलं, हे मला सहन होत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या आहेत आणि त्या माफक आहेत. वाजणारं खेळणं देणाऱ्यानं ते आधी स्वतःच्या घरात, चालू अवस्थेत, सलग पंधरवडाभर ठेवावं आणि मगच द्यावं. देताना त्यासोबत एका वर्षाचे सेल आणि नेमका स्क्रू-ड्रायव्हर द्यावा. मुलाच्या दोन्ही पालकांची लेखी ना हरकत घ्यावी. एकत्र कुटुंब असल्यास आजीआजोबांचीही, कारण दुपारी घरी ते असतात. दुकानदारानं बिल करताना 'आपल्या घरी मूल आहे का?' एवढा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर नाही असेल तर गिऱ्हाइकाला पुस्तकांच्या फडताळाकडे वळवावं. कंपन्यांनी लहान आवाज खरोखर लहान करावा. हे तंत्रज्ञान रेडिओत फार पूर्वीपासून उपलब्ध आहे.

यातलं एक जरी झालं असतं तरी मी आज तुमचा वेळ घेतला नसता. कन्येचा दुसरा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. या वेळी आम्ही निमंत्रणात सुधारणा केली. 'आहेर आणू नये' याच्या खाली, 'आणल्यास पुस्तक आणावे' असं घातलं आणि मेहुण्यांना ते वेगळं पाठवून मिळाल्याची खात्री करून घेतली. काल रात्री त्यांचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

"दाजी, पुस्तकच घेतलंय. पान उलटलं की बोलतं. फक्त त्याला सेल लागतात ते मोठे, टॉर्चमध्ये घालतात तसले, चार. ते तेवढे आणून ठेवाल का?"

मी विचारलं, स्क्रू कोणता आहे? ते म्हणाले, ते काही बघितलं नाही.